चिमणीच्या वाऱ्याखालचं गाव : हवेतला गंधक वर्षानुवर्षं कसा मोजायचा

आधी एक हिशोब करू. औष्णिक वीज केंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला की १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर ८,४०० टन कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख भरपूर आणि गंधक कमी, अर्धा टक्क्याच्या आसपास. तरी तो ४२ टन होतो. गंधक जळताना ऑक्सिजन घेतो आणि वजनाने दुप्पट होतो. म्हणजे एका संचातून एका दिवसात सुमारे ८४ टन सल्फर डायऑक्साइड. थोडा गंधक राखडीत अडकतो, कोळशाची प्रत बदलते, म्हणून आकडा ढोबळ आहे, पण अंदाज येतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची एकूण क्षमता २९२० मेगावॅट आहे.

हा वायू मोजला कुठे जातो? चंद्रपूर शहरात आणि खुटाळा एमआयडीसीत प्रदूषण नियंत्रण मंडळाची सतत चालणारी यंत्रं आहेत. घुग्घुस, ताडाळी, बल्लारपूर, राजुरा इथे ठरावीक दिवशी नमुने घेणारी केंद्रं आहेत. म्हणजे शहर, औद्योगिक वसाहत, तालुक्याचं ठिकाण. चिमणीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर कापूस, धान आणि तूर घेणाऱ्या गावांत हवा मोजणारी नळी कुणी लावत नाही.

याचा परिणाम धोरणावर होतो. २०१५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. ती पाळायची तर बहुतेक ठिकाणी धुरातला गंधक धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा बसवावी लागणार होती. मुदत दोन वर्षांची होती, ती पुढे पुढे जात राहिली. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक केंद्रांना या मर्यादेतून वगळलं. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवरच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवर सक्ती राहिली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून घ्यायचा ठरला. हवेतला सल्फर डायऑक्साइड देशात बहुतेक ठिकाणी निकषाच्या आतच आहे, हा या निर्णयाचा एक मुख्य आधार होता. मग ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे कुठे, हे विचारायला हवं. जिथे मोजलंच नाही ते गाव या वाक्यात बसत नाही. आपलं गाव त्यात बसवायचं तर आपणच मोजायला हवं, आणि एका दिवसापुरतं नव्हे, वर्षानुवर्षं, त्याच जागी, त्याच पद्धतीने. ते कसं, ते पुढे लिहितो. उदाहरणं चंद्रपूरची आहेत, पण कोराडी-खापरखेडा, परळी, भुसावळ किंवा साखर कारखान्याशेजारचं गाव, सगळीकडे रीत हीच.

प्रश्न नेमका करा

‘आमच्याकडे प्रदूषण आहे का?’ या प्रश्नाला मोजमापाने उत्तर देता येत नाही. ‘डिसेंबर-जानेवारीत आमच्या गावातला सल्फर डायऑक्साइड वाऱ्याच्या उलट्या बाजूच्या गावापेक्षा जास्त असतो का, आणि तो दर वर्षी वाढतोय की घटतोय?’ याला देता येतं. असा एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढचं सगळं, नळ्या किती, कुठे, किती दिवस, त्यावरून ठरतं.

वारा आणि चिमणी समजून घ्या

या पायरीला घाई करू नका. निम्म्या चुका इथेच होतात.

चिमणीच्या पायथ्याचं गाव सगळ्यात जास्त भोगतं असं आपण धरून चालतो. राखडीच्या बाबतीत ते खरं आहे. राखेच्या बंधाऱ्यावरून उडणारी राखड पायथ्याच्याच गावांवर बसते. वायूची गोष्ट वेगळी. मोठ्या संचांसाठी चिमणी २७५ मीटर उंच ठेवण्याचा नियम होता. एवढ्या उंचीवरून सुटलेला गरम धूर आणखी वर चढतो, वाऱ्याबरोबर काही किलोमीटर जातो आणि मग जमिनीला टेकतो. म्हणून सगळ्यात मोठा आकडा चिमणीच्या सावलीत नसून पाच-दहा किलोमीटर पुढच्या शिवारात मिळू शकतो.

तो टेकतो कधी, हे हिवाळ्यात डोळ्यांनी दिसतं. डिसेंबरात सकाळी सातला इरई धरणाच्या बाजूला उभं राहा. खाली धुकं, थंडी, वारा जवळपास नाही. वर धुराचा सपाट पट्टा, दोरी ताणल्यासारखा आडवा. जमीन गार आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार असल्यामुळे तो पट्टा वरच अडकलेला असतो. आठ-नऊला ऊन चढतं, जमीन तापते, खालची हवा घुसळायला लागते आणि ती घुसळण वर पट्ट्यापर्यंत पोचली की रात्रभर साठलेला धूर एकदम खाली येतो. नऊ ते अकराच्या दरम्यान वावरात कापूस वेचणाऱ्या बाया ‘झणका आला’ म्हणतात तो हा. तासाभरात वारा सुटतो आणि सगळं पांगतं. दिवसभराच्या सरासरीत हा तास विरघळून जातो. पुढे यंत्र निवडताना याची आठवण ठेवा.

आता नकाशा काढा. मध्यभागी चिमणी, भोवती पाच, दहा, वीस किलोमीटरची वर्तुळं. आमच्या भागात हिवाळ्यात वारा मंद आणि बहुतेक उत्तर-ईशान्येकडून, तर पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येकडून असतो. म्हणजे हिवाळ्यात दक्षिण-नैऋत्येची गावं वाऱ्याखाली येतात, पावसाळ्यात पूर्व-ईशान्येची. तरी आपल्या गावचा वारा आपणच पाहा. शाळेच्या गच्चीवर कापडी मोजा टांगून रोज सकाळी नऊला आणि दुपारी तीनला दिशा लिहिली तर महिनाभरात चित्र स्पष्ट होतं.

नकाशावर गंधकाचे बाकीचे स्रोतही टाका: वीटभट्ट्या, स्पंज आयर्न कारखाने, कोळसा उतरवण्याची सायडिंग, उघड्या खाणीतले पेटलेले ढिगारे. कोळशाचा ढीग आतून धुमसत राहतो आणि महिनोन् महिने वायू सोडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांनी साखर कारखाना टाकावा. उसाचा चोथा जळताना गंधक फारसा निघत नाही, पण रस साफ करायला बहुतेक कारखाने गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, म्हणून गाळप हंगामात तिथे वेगळा आकडा येऊ शकतो. आणि आमच्याकडची कोळशाची शेगडी विसरू नका. संध्याकाळी सहाला दारासमोर कच्च्या कोळशाची शेगडी पेटते तेव्हा दहा पावलांवरची नळी थर्मलचा नव्हे, त्या शेगडीचा गंधक मोजते.

जागा ठरवणे

सुरुवातीला सहा जागा पुरतात. हिवाळ्यात वाऱ्याखाली येणारी तीन गावं, शक्यतो पाच, दहा आणि पंधरा-वीस किलोमीटरवरची. पावसाळ्यात वाऱ्याखाली येणारं एक. वर्षभर वाऱ्याच्या उलट्या बाजूला राहणारं लांबचं एक. आणि सहावी जागा मंडळाच्या सरकारी यंत्राच्या शेजारी. ही सहावी सगळ्यांत महत्त्वाची आहे. तिथला आपला आकडा आणि यंत्राचा आकडा जुळला, तर बाकीच्या पाच जागांचे आकडे कुणाला सहज झटकता येणार नाहीत. यंत्राच्या आवारात परवानगी मिळाली नाही तर कुंपणाबाहेर, जमेल तितक्या जवळ लावा आणि अंतर लिहून ठेवा.

जागेचे नियम साधे आहेत. जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंच, म्हणजे गुरांच्या आणि लहान मुलांच्या हाताबाहेर. भिंतीला चिकटून नाही, दाट झाडाच्या आत नाही. पानं हा वायू शोषून घेतात. चूल, शेगडी, वीटभट्टी, उभे राहणारे ट्रक यांच्यापासून लांब. धुऱ्यावरचा एकटा खांब उत्तम, शाळेच्या मैदानातला झेंड्याचा कठडाही चालतो. शेजारच्या वावरात गंधकाची भुकटी किंवा पाण्यात विरघळणारं गंधक फवारायचं असेल तर तारीख आधी विचारून घ्या आणि त्या पंधरवड्याच्या नोंदीपुढे खूण करा.

जागा एकदा ठरली की बदलू नका. खांब पडला आणि नवा वीस मीटरवर लावला, तर ती नवी जागा म्हणून लिहा.

कशाने मोजायचं

सरकारी केंद्रांवर दोन पद्धती आहेत. एक सुधारित वेस्ट-गेक पद्धत, जिच्यात पंप द्रावणातून हवा ओढतो आणि मग रंगावरून मोजतात. तिच्यात पाऱ्याचं विषारी संयुग लागतं. ती घरी किंवा शाळेत करू नका. दुसरी अतिनील प्रकाशावर चालणारी महागडी यंत्रं, ज्यांना अखंड वीज आणि वातानुकूलित खोली लागते.

गावासाठी कणा म्हणजे पॅसिव्ह सॅम्पलर. बोटाएवढी नळी किंवा बिल्ल्यासारखी चकती असते. आत क्षारयुक्त द्रावणात भिजवलेला कागद असतो. पंप नाही, वीज नाही. हवेतला सल्फर डायऑक्साइड आपोआप आत शिरतो आणि कागदावर पकडला जातो. दोन ते चार आठवड्यांनी नळी बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे कागद पाण्यात धुऊन आयन क्रोमॅटोग्राफवर सल्फेट मोजतात. मोठं विद्यापीठ किंवा एनएबीएल मान्यता असलेली पर्यावरण प्रयोगशाळा हे करू शकते. नळ्या घेण्याआधी प्रयोगशाळेशी बोला: तिला कोणत्या नळ्या हाताळता येतात आणि ती कमीत कमी किती सल्फेट ओळखू शकते, हे दोन प्रश्न विचारा.

स्वस्त इलेक्ट्रॉनिक सेन्सरचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो लगेच आकडा दाखवतो. खेड्यातल्या हवेत हा वायू बहुधा थोड्या पीपीबीत, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत काही भाग एवढाच, असतो. (२५ अंश तापमानाला १ पीपीबी म्हणजे २.६२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.) एवढ्या खालच्या पातळीवर स्वस्त सेन्सरचा स्वतःचा गोंधळच तेवढा असतो. दमटपणा बदलला की तो हलतो, इतर वायूंनी फसतो, वर्षभरात त्याचा शून्य सरकतो. म्हणून सरासरीसाठी त्याच्यावर विसंबू नका. सकाळचा तो झणका पकडायला मात्र तो उपयोगी आहे. नऊ ते अकराचा उंचवटा किती मोठा यापेक्षा तो कोणत्या दिवशी आणि किती वाजता आला, हे तो नीट सांगतो. वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन आठवडे, त्याला सरकारी यंत्राशेजारी ठेवून पडताळा.

नाकावर अवलंबून राहू नका. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा वास हवेत जाणवू लागतो तेव्हा पातळी निकषाच्या कितीतरी पट वर गेलेली असते. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असं नाही.

नळी लावण्याचा दिवस

महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार ठरवून टाका. वर्षात चोवीस फेऱ्या होतात. काही फेऱ्यांत मध्ये दोन आठवडे येतात, काहींत तीन. हरकत नाही, हिशोब मिनिटांवर होतो. एवढं जमणार नसेल तर दर चार आठवड्यांनी एक, पण खंड पडू देऊ नका.

आम्ही हे असं करतो. नळ्या फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात. सकाळी डबा थर्मासच्या पेटीत. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले. तंबाखू, विडी, काडेपेटी खिशात नको. खांबावर दह्याचा पांढरा प्लास्टिक डबा उलटा बांधलेला असतो, तळाला तारेचा आकडा. नळी त्यात तोंड खाली करून बसते, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि वारा तोंडावर सरळ आदळत नाही. पहिल्या पावसाळ्यात आम्ही डबा उथळ घेतला होता. तिरका पाऊस आत आला आणि दोन गावांचा जुलै वाया गेला. आता डबा वीतभर खोल असतो. नळीवर पेन्सिलीने क्रमांक, शाईने नाही. झाकण काढल्याचं घड्याळ मिनिटापर्यंत वहीत. झाकण त्याच डब्यात, जमिनीवर नाही. पंधरवड्याने उलट क्रम: झाकण लावा, घड्याळ लिहा, पेटीत ठेवा, त्याच आठवड्यात रवाना करा.

प्रत्येक फेरीत दोन जादा नळ्या लागतात. एक कोरी: ती बाकीच्यांबरोबर गावोगाव फिरते, पण तिचं झाकण कधी उघडत नाही. तिच्यावर सापडलेलं सल्फेट प्रवासातलं किंवा नळी बनवतानाचं असतं, ते सगळ्यांमधून वजा करायचं. दुसरी जोडनळी: एकाच खांबावर दोन नळ्या, दर फेरीला वेगळ्या गावी. त्या दोघींच्या आकड्यांत वीस टक्क्यांहून जास्त फरक पडला की मी ती सगळी फेरी संशयित धरतो आणि वहीत तसं लिहितो. पैसे वाचवायला लोक आधी याच दोन नळ्या कमी करतात. तसं करू नका. वाटल्यास एक गाव कमी करा.

आकडा काढणे

प्रयोगशाळा नळीवर किती मायक्रोग्रॅम सल्फर डायऑक्साइड जमला ते देते. कधी सल्फेटमध्ये देते, तेव्हा ०.६६७ ने गुणा. नळी बनवणारा तिचा शोषणदर देतो. समजा तो मिनिटाला १० मिलिलिटर आहे आणि नळी बरोबर चौदा दिवस, म्हणजे २०,१६० मिनिटं उघडी होती. म्हणजे तिने २,०१,६०० मिलिलिटर, अर्थात ०.२०१६ घनमीटर हवेचा गंधक टिपला. नळीवर ३.४ मायक्रोग्रॅम निघाले, कोऱ्या नळीवर ०.४; उरले ३.०. भागाकार केला की १४.९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? २००९ च्या राष्ट्रीय निकषांनुसार सल्फर डायऑक्साइडची मर्यादा वर्षाच्या सरासरीला ५० आणि २४ तासांना ८० मायक्रोग्रॅम आहे. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात वर्षाची मर्यादा २०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची शिफारस ४० आहे. पंधरवड्याच्या नळीची तुलना २४ तासांच्या मर्यादेशी करता येत नाही. पंधरा दिवसांचं १४.९ म्हणजे त्यातला एखादा दिवस ६० चा असू शकतो, नसूही शकतो. वर्षभराच्या फेऱ्यांची सरासरी मात्र वर्षाच्या मर्यादेशेजारी ठेवता येते. सरकारी सरासरीसाठी वर्षात किमान १०४ मोजण्या, आठवड्यातून दोनदा, लागतात. आपली पद्धत वेगळी आहे हे अहवालात आपणहून लिहा.

वर्षाची सरासरी ५० च्या खूप खाली येण्याची शक्यता मोठी आहे. तसं आलं तर काम फुकट गेलं असं समजू नका. निकषाच्या आतला आकडाही वाऱ्याखालच्या गावात उलट्या बाजूच्या गावापेक्षा तिप्पट असेल, तर तो कुठून येतो ते कळतं. शिवाय हा वायू हवेत सल्फर डायऑक्साइड म्हणून फार काळ राहत नाही. तासाला एखाद-दोन टक्के, ओलाव्यात जास्त, या वेगाने त्याचं सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होतं आणि ते कण पीएम २.५ म्हणून शेकडो किलोमीटर जातात. जवळच्या गावात वायू म्हणून मोजलेला गंधक लांबच्या शहरात धूळ म्हणून मोजला जातो.

वही

वहीत प्रत्येक फेरीला एवढं हवं: नळीचा क्रमांक, जागा, लावल्या-काढल्याची तारीख-वेळ, लावणाऱ्याचं नाव, पाऊस, धुकं, वाऱ्याची दिशा, जवळपास काही पेटलं का. दिवाळीचा पंधरवडा आणि होळी वेगळ्या खुणेने. फटाक्यांत गंधक असतो. आकडा खोडायचा नाही, चुकला तर एक रेघ मारून शेजारी लिहायचा. वहीचा फोटो त्याच दिवशी दोन मोबाइलमध्ये ठेवायचा.

एक रकाना अनेकांना सुचत नाही: त्या पंधरवड्यात वीज केंद्र किती चाललं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण रोजचे वीजनिर्मितीचे आणि बंद संचांचे अहवाल संकेतस्थळावर टाकतं. ते उतरवून घ्या. एखादा मोठा संच देखभालीसाठी महिनाभर बंद असतो, तेव्हा वाऱ्याखालच्या गावातला आकडा पडला आणि उलट्या बाजूच्या गावातला तसाच राहिला, तर याहून बोलका पुरावा गावाला मिळणार नाही.

पानं, दगडफूल आणि पाऊस

झाडं साक्षीदार आहेत, पण साक्ष नीट ऐकावी लागते. सल्फर डायऑक्साइडचा मार बसला की पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पांढरट किंवा तपकिरी होतो, पानाच्या दोन्ही बाजूंनी. कोवळ्या आणि अगदी जुन्या पानांपेक्षा नुकत्याच पूर्ण वाढलेल्या पानांवर जास्त. लसूणघास या वायूला फार हळवी आहे. सहाही जागी एकाच बियाण्याच्या, एकाच मातीच्या दोन-दोन कुंड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला त्याच कोनातून फोटो काढा. मॅग्नेशियमची कमतरता आणि तणनाशकाचा फवारा यांनीही अशाच खुणा दिसतात. म्हणून पान एकटं पुरावा होत नाही. त्याच पंधरवड्याच्या नळीशेजारी ठेवलं तर होतं. उत्तरेत वीटभट्ट्यांजवळच्या आमराईत फळाचं टोक काळं पडतं, तो रोग भट्टीच्या धुरातल्या वायूंमुळे होतो हे बागायतदार फार पूर्वीपासून जाणतात.

दगडफुलाचा, म्हणजे झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या लायकेनचा, उपयोग कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत जास्त होईल. विल्यम निलँडर याने १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनवरून हवेची पारख केली होती. चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांच्या उन्हात ती मुळातच विरळ, त्यामुळे इथे तिच्या नसण्यावरून काही ठरवू नका.

पावसाचा पीएच मोजताना जपा. स्वच्छ पावसाचाही पीएच ५.६ च्या आसपास असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याखाली गेला तर आम्लपाऊस, हे पुस्तकात आहे. पण आपल्या हवेत चुनखडीयुक्त धूळ भरपूर आहे आणि ती आम्ल मारून टाकते. पीएच सहा-साडेसहा आला म्हणून पावसात गंधक नाही, असं म्हणता येत नाही. खरी गोष्ट सल्फेट सांगतं, म्हणून तेच मोजून घ्या. शुद्ध पाण्याने धुतलेलं नरसाळं आणि बाटली पाऊस सुरू झाल्यावरच उघडा, थांबल्यावर लगेच बंद करा, नाहीतर पावसाऐवजी धूळच मोजली जाईल. हवामान खात्याच्या पर्जन्यरसायनाच्या देशातल्या मोजक्या केंद्रांत नागपूर आणि पुणे आहेत. आपले आकडे त्यांच्याशी ताडता येतील.

आकाशातून

युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह ऑक्टोबर २०१७ मध्ये सुटला. त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्यावरून जातं आणि साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरच्या चौकटीत हवेच्या सगळ्या थराचा मिळून सल्फर डायऑक्साइड मोजतं. त्याआधीच्या काळासाठी २००४ मध्ये सुटलेल्या ऑरा उपग्रहावरचं ओमी हे उपकरण आहे. दोन्हींची माहिती फुकट मिळते. कोपर्निकसच्या संकेतस्थळावर किंवा गुगल अर्थ इंजिनवर संगणकाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी दोन दिवसांत शिकते.

तीन पथ्यं. एका दिवसाचं चित्र गावाला दाखवू नका. त्यात गोंधळ जास्त असतो, ऋतूची किंवा वर्षाची सरासरी घ्या. सरासरी काढताना उणे आकडे फेकू नका. तोही त्याच गोंधळाचा भाग आहे, आणि फक्त अधिक आकडे ठेवले तर सरासरी खोटी वाढते. आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे फारसं हाती लागत नाही. कधी ज्वालामुखीचा ढगही चित्रात येतो. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला तेव्हा त्याचा उंचावरचा ढग भारतापर्यंत आला होता. दुपारी दीडचा उपग्रह सकाळी नऊचा झणका पाहत नाही, हेही लक्षात असू द्या. त्याचं काम एवढंच की आपल्या सहा खांबांमधलं रिकामं शिवार कसं आहे त्याचा अंदाज द्यावा.

कल वाचणे

डिसेंबरची तुलना जूनशी करू नका, डिसेंबरशी करा. पाऊस हवा धुतो, हिवाळा धूर दाबून ठेवतो. हा ऋतूंचा चढउतार वर्षावर्षाच्या फरकापेक्षा मोठा असतो. तीन वर्षांनी प्रत्येक महिन्याच्या तीन-तीन आकड्यांची रांग होते. बारापैकी दहा महिन्यांत आकडा चढत गेला असेल तर काहीतरी खरं घडतंय. तीन वर्षांच्या आत ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ हा शब्द वापरू नका. पाच वर्षं झाली तर ठामपणे वापरा. सरासरीबरोबर मध्यकही काढा, म्हणजे एका बिघडलेल्या नळीने वर्ष बदलणार नाही. आणि वीजनिर्मितीचा रकाना शेजारी ठेवा. निर्मिती वीस टक्क्यांनी घटली आणि गंधकही तेवढाच घटला, तर हवा स्वच्छ झाली नाही, वीज कमी झाली.

आकडे घेऊन कुठे जायचं

चिमणीतून कायदेशीर नमुना घेण्याचा अधिकार १९८१ च्या वायू कायद्याच्या कलम २६ नुसार मंडळाकडे आहे. आपल्या नळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. मंडळाला आपल्या गावात यायला लावणं, हे या नळ्यांचं काम. त्यासाठी ग्रामसभेत ठराव करा: अमुक जागी इतक्या वर्षांच्या नोंदी अशा आहेत, इथे मंडळाने वर्षभर मोजावं. ठरावासोबत वहीच्या प्रती, कोऱ्या नळ्यांचे आकडे आणि वाया गेलेल्या फेऱ्यांची यादीही जोडा. आपली चूक आपण आधी सांगितली की समोरच्याला ती शोधायला मिळत नाही.

कारखान्याची बाजूही मागवा. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. वार्षिक पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत. चिमणीवरच्या सतत चालणाऱ्या मापकाचे आकडे मंडळाकडे जातात. संकेतस्थळावर मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात मागा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘सर्व माहिती’ असं न लिहिता संच क्रमांक, तारखा आणि ‘सल्फर डायऑक्साइडचे तासावार आकडे’ असं लिहा.

आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दम्याच्या, खोकल्याच्या नोंदी असतात. महिन्याची फक्त संख्या मागा, नावं नको. ती नळीच्या आलेखाशेजारी लावा, पण त्यावरून कारण-परिणाम जाहीर करू नका. ते काम वैद्यकीय संशोधकांचं आहे आणि आपली वही असेल तर त्यांचं निम्मं काम सोपं होतं.

सगळ्यात कठीण काम चौथ्या वर्षी पहिल्या रविवारी खांबापाशी जाणं हे आहे. उत्साह गेलेला असतो, आकडे ओळखीचे झालेले असतात, सुरू करणारी मुलं शिकायला नागपूर-पुण्याला गेलेली असतात. म्हणून नळ्या पहिल्यापासून शाळेच्या हाती ठेवा आणि प्रयोगशाळेचा खर्च ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात मागून घ्या. आमच्याकडे दहावी झालेली मुलं जूनच्या पहिल्या फेरीला आठवीतल्यांना घेऊन खांबापाशी जातात. एकजण शिडी धरतो, एकजण चढतो, तिसरी मुलगी घड्याळ पाहून मिनिट सांगते, चौथा लिहितो. मग चौघं जागा बदलतात आणि पुढच्या गावाला निघतात.